सात की साठ

सकाळी सात वाजता काका आमच्या दारात उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात ती जुनी काळी रेक्झिनची पिशवी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस इतक्या सकाळी असा तयार होऊन आला की छातीत धस्स होतं. "बँक कितीला उघडते गो?" त्यांनी विचारलं. पिशवीत मुदत ठेवीची पावती होती, आणि ती मोडायची होती. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, चहा टाकला आणि हळूहळू उलगडा झाला. आदल्या रात्री सोसायटीची सभा झाली होती. इमारतीच्या रंगकामासाठी प्रत्येक घरामागे सात हजार रुपये काढायचं ठरलं होतं. काकांना ऐकू आलं ते साठ हजार. रात्रभर ते जागे होते. काकूला काही बोलले नव्हते. पहाटे उठून ट्रंकेतून पावती काढली, दाढी केली आणि माझ्याकडे आले. मी सांगितलं, "काका, सात. साठ नाही." ते बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिले. मी बोटं दाखवली. सात. मग त्यांनी पिशवीची चेन लावली आणि चहा प्यायले.

"तिथेच विचारायचं होतंत ना," मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "किती वेळा विचारायचं? दोनदा विचारलं की लोक एकमेकांकडे बघतात. ऐकू येतं गो मला सगळं. समजत नाही."

ऐकू येतं, पण समजत नाही.

हे वाक्य मला दिवसभर सोडेना. त्यात तक्रार नव्हती, एक अचूक निरीक्षण होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना आवाजाची लांबी-रुंदी शिकवण्यात माझी बावीस वर्षं गेली, आणि माझ्याच घरातल्या माणसाने एवढ्या नेमक्या शब्दांत सांगितलेली गोष्ट मी आजवर 'काकांना कमी ऐकू येतं' अशी गुंडाळून ठेवली होती. संध्याकाळी वॉचमनकडून किल्ली घेतली आणि एकटीच हॉलमध्ये गेले.

आमच्या टॉवरचा हॉल देखणा आहे. चाळ पाडून इमारत उभी राहिली तेव्हा सगळ्यांना त्याचा अभिमान वाटला होता, मलाही. साधारण 40 फूट लांब, 25 फूट रुंद, 11 फूट उंच. खाली आरशासारखी चकचकीत फरशी, वर पीओपीचं छत, एका लांब बाजूला अख्खी काच, बाकीच्या भिंतींना ऑईलपेंट. मधोमध उभी राहून मी एक टाळी वाजवली. टाळी वाजली आणि संपली नाही. एखादं भांडं फरशीवर पडून गरगरत राहावं तशी ती हॉलभर फिरली, काचेवर आदळली, छताला लागली, परत आली. मी मनात एक-दोन-तीन म्हणत होते, चौथ्या आकड्याच्या आसपास ती विरली. मग मी माझंच नाव मोठ्याने घेतलं. शेवटचं अक्षर तोंडातून बाहेर पडलं तरी पहिलं अजून खोलीत होतं.

आपल्या व्याकरणात स्वर आणि व्यंजन अशी विभागणी लहानपणी पाठ करून घेतात, पण कानाच्या दृष्टीने त्यात केवढा फरक आहे ते कुणी सांगत नाही. 'सात' आणि 'साठ' यांत 'सा' तोच. हा 'सा' दमदार असतो, लांबतो, घुमतो. फरक आहे तो शेवटच्या इवल्याशा आघातात: जीभ दातांना लागली की टाळूला, आणि पाठोपाठ हवेचा छोटा झोत सुटला की नाही. ही सगळी घडामोड पापणी लवण्याआधी संपते आणि तिच्यात जोरही फारसा नसतो. घुमणाऱ्या हॉलमध्ये मागच्या 'सा'चं शेपूट तिच्या अंगावरून निघून जातं. तरुण कान उरलेल्या खुणांवरून, बोलणाऱ्याच्या ओठांवरून, संदर्भावरून रिकामी जागा भरून काढतो. काकांच्या कानाकडे भरून काढायला काही शिल्लक नाही. कानात घालायचं यंत्र त्यांना चार वर्षांपूर्वी घेतलं होतं, ते कपाटात पडून आहे. हॉलमध्ये ते घातलं की आवाजाबरोबर घुमणंही मोठं होऊन कानात शिरतं, म्हणून ते काढून ठेवतात.

त्यांचा कान गेला तो गिरणीत. काका साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. ज्यांनी चालू साळखातं आतून ऐकलं नाही त्यांना ते सांगून कळणं अवघड आहे. मी एकदाच गेले होते, सहा-सात वर्षांची असेन, काकांचा डबा घेऊन काकूबरोबर. दार उघडलं आणि आवाज कानावर न पडता थेट छातीवर पडला. शेकडो साचे, म्हणजे विणकामाचे माग, प्रत्येकाचा धोटा इकडून तिकडे आपटतोय, जमीन थरथरतेय, हवेत रुईचा कोंडा तरंगतोय. तशा खात्यात आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की सगळी माणसं तोंडं हलवतायत आणि एकही शब्द येत नाही. काका बोटांनी बोलायचे. तार तुटली, कांडी संपली, जॉबर मुकादम येतोय, पाणी प्यायला चल, सगळ्याला खुणा ठरलेल्या. घरी आले तरी पहिला तासभर ते खुणांनीच बोलायचे आणि काकू हसायची. अशा गोंगाटाने कान जातो तो एकदम सगळा जात नाही. आधी 4000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांत, खड्डा पडतो. काकांच्या कानाची तपासणी झाली तेव्हा कागदावरच्या आलेखात मी तो खड्डा पाहिला आहे, अगदी त्याच जागी. आणि व्यंजनांची धार, 'स'ची शीळ, 'ट'-'ठ'चे टोले, यांतलं बरंचसं नेमकं त्याच वरच्या भागात असतं.

कापड विणता विणता गेलेला कान. हे मला त्या संध्याकाळी हॉलमध्ये सुचलं नाही. तेव्हा मला फक्त चाळीतली आमची खोली आठवत होती.

दहा बाय बाराची खोली आणि माणसं नऊ. खोलीच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक तार ओढलेली होती आणि तिच्यावर पडदा. पडदा आजीच्या दोन नऊवारी लुगड्यांचा, मध्ये जोडलेला, खाली काकांनी गिरणीतून आणलेल्या कटपीसची जाड पट्टी. रंग कधीकाळी डाळिंबी असावा. दिवसा तो एका कोपऱ्यात गाठ मारून ठेवलेला असे, एखाद्या म्हाताऱ्या बाईने पदर खोचून बसावं तसा. रात्री दहा वाजता आजी तो ओढायची, आणि कड्या तारेवरून सरकल्याचा 'खर्रर्र' आवाज झाला की एका खोलीच्या दोन व्हायच्या. पलीकडे काका-काकू, अलीकडे आम्ही सगळे. परीक्षेच्या दिवसांत तोच पडदा अर्धाच ओढायचा, मोरीच्या बाजूचा कोपरा मला मिळायचा. कुणी आजारी पडलं की त्याच्याभोवती. पोरींनी कपडे बदलायचे तेव्हा चार हात. गणपतीत तो धुऊन, इस्त्री करून मखराच्या मागे जायचा आणि अकरा दिवस आमच्या घराला एकच खोली असायची. भिंत हलवता येत नाही हे मला बरीच मोठी होईपर्यंत खरं तर पटलेलंच नव्हतं. आमची भिंत तर रोज हलत होती.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण चाळीच्या आठवणी लिहिताना हात गोड गोड लिहू लागतो. त्या पडद्याने आवाज अडत नव्हता. आजीचा खोकला, काकूचं हलक्या आवाजातलं रडणं, संपाच्या काळात रात्री काका आणि बाबा पैशांवरून बोलायचे ते, सगळं पलीकडून अलीकडे येत होतं. आम्ही ते न ऐकायला शिकलो होतो. पडदा ओढलेला असला की पलीकडचं ऐकू आलं तरी ऐकलं नाही असं धरायचं, हा घराचा अलिखित कायदा होता. काकू नवी नवरी म्हणून त्या पडद्याआड आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिच्या बाजूने हा कायदा कसा होता ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पण ती खोली घुमत नव्हती, हेही खरं. नऊ माणसं एका वेळी बोलत असली तरी ज्याचं त्याचं बोलणं वेगळं कळायचं. कसं घुमेल? भिंतीला टेकून वळकट्यांची चळत, वर गोधड्या, दांड्यांवर वाळत घातलेले कपडे, खुंट्यांवर शर्ट-पँटी, खाटेखाली बोचकी, खाली सतरंजी, आणि दार सताड उघडं. घर कापडाने गच्च भरलेलं होतं. हे मला कळलं ते खोली रिकामी करायच्या दिवशी. टेम्पोत सामान चढलं, शेवटी तार काढायला काका स्टुलावर चढले आणि त्यांनी नेहमीच्या आवाजात "पक्कड दे" म्हटलं. खोलीने ते शब्द परत केले. आम्ही दोघं दचकलो. अठ्ठेचाळीस वर्षं काका त्या खोलीत राहिले होते आणि तिचा स्वतःचा आवाज त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

ही जी गोष्ट आम्हाला पक्कड मागताना कळली ती एका माणसाने मोजून काढली होती, आणि तीही गाद्यांनीच. 1895 साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एक नवं कलासंग्रहालय बांधलं गेलं होतं, आणि त्यातल्या व्याख्यानाच्या दालनात कुणाचं काही समजेना. उच्चारलेला आवाज तिथे साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळायचा. तेवढ्या वेळात वक्ता दहा-पंधरा शब्द बोलून जातो, आणि ते सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात. हे दुरुस्त करायचं काम वॉलेस सबाइन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाकडे आलं. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांवरच्या गाद्या आणायला सुरुवात केली. रात्री, रस्त्यावरची रहदारी थांबली की गाद्या वाहून आणायच्या, दालनात पसरायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करायची आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजायचा. मग आणखी काही गाद्या, पुन्हा नळी. उजाडायच्या आत सगळ्या गाद्या परत थिएटरात. जितक्या गाद्या वाढल्या तितकं घुमणं कमी झालं, आणि सगळ्या गाद्या आत आल्या तेव्हा ते एका सेकंदाच्या जवळपास उतरलं. या रात्रींमधून जो नियम निघाला तो आजही जगभर वापरतात. खोलीचं घनफळ 0.161 ने गुणायचं आणि खोलीत आवाज गिळणारं जे काही आहे त्याने भागायचं, की आवाज किती सेकंद घुमेल ते कळतं.

सबाइनची एक गोष्ट मला त्याच्या सूत्रापेक्षा जास्त आवडते. एका उन्हाळ्यातली सगळी मोजमापं त्याने फेकून दिली, कारण त्याच्या लक्षात आलं की आपण रोज वेगवेगळे कपडे घालून येतो आणि आपल्या अंगावरचं कापडही आवाज गिळतंय. त्यानंतर तो मोजमापाच्या वेळी कायम तोच कोट, तीच विजार घालून बसायचा. शिवाय आवाज गिळण्याचं माप म्हणून त्याने निवडली होती उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक पूर्ण माप. मला लगेच आमच्या चाळीचं ते सताड उघडं दार दिसलं. आणि हॉलची ती बंद काच.

मी कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला. आमच्या हॉलचं घनफळ साधारण 310 घनमीटर. फरशी, छत, काच, भिंती हे सगळं मिळून जेमतेम बारा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज गिळतं. म्हणजे रिकाम्या हॉलात चार सेकंद, माझ्या टाळीने सांगितले होते तेवढेच. माणूसही, त्याच्या कपड्यांसकट, सुमारे अर्धा चौरस मीटर खिडकीइतका असतो. सभेला पंचवीस-तीस जण आले तर घुमणं दोन सेकंदांवर येतं. बोलणं नीट समजायला ते एका सेकंदापर्यंत यायला हवं. मधलं अंतर तोडायला आणखी पंचवीस चौरस मीटर खिडकी हवी होती, किंवा पन्नास चौरस मीटर भिंतीवर चांगला जाड, चुण्या घातलेला पडदा.

समितीसमोर हे मांडलं तेव्हा पहिली सूचना आली ती मोठ्या स्पीकरची. ती मनापासून आली होती, काकांसाठीच. पण घुमणाऱ्या खोलीत आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं, साठ हजार नुसते मोठ्याने साठ हजार ऐकू येतात. हे बोलून पटेना. मग एका रविवारी मी मजल्यामजल्यावर फिरले आणि गोधड्या मागितल्या. मोठ्या कपाटांच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोंबलेल्या, फेकवत नाहीत म्हणून ठेवलेल्या गोधड्या. सासूच्या, आईच्या, मावशीच्या. कोपरे फाटलेले, आतून जुन्या साड्यांचे पापुद्रे दिसणारे. अठ्ठावीस गोधड्या, सहा सतरंज्या आणि एक घोंगडं जमलं. गणपतीत मांडव घालणाऱ्या मुलाने दोऱ्या आणि बांबू आणून दिले, त्याच्याकडचं एक मोठं जाजमही. काचेच्या बाजूला आणि मागच्या भिंतीला आम्ही ते सगळं टांगलं. पाचव्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या आणि स्वतःच्या हातची गोधडी शोधत सगळ्यांवरून हात फिरवत गेल्या. नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीला मी मधोमध उभं केलं आणि म्हटलं, टाळी वाजव. टक्. एवढंच. पोरीने स्वतःच्या हातांकडे बघितलं, पुन्हा वाजवली. टक्. पाच-सहा पोरं धावत आली आणि मग सगळ्यांना टाळ्या वाजवायच्या होत्या.

काका शेवटच्या रांगेत बसले होते. मी समोरून, त्यांच्याकडे पाठ करून, साध्या आवाजात म्हटलं, "सात." मागून उत्तर आलं, "सात." मी म्हटलं, "साठ." जरा थांबून, "साठ." मी म्हटलं, "सात." "सात गो. कितीदा विचारतेस?"

त्यानंतर पडद्यांच्या पैशांबद्दल कुणी वाद घातला नाही.

कापड आवाजाचं नेमकं काय करतं, हे वर्गात शिकवताना मी आता गोधडी घेऊन जाते. आवाज म्हणजे हवेचं पुढे-मागे हलणं. ती हवा धाग्यांच्या, तंतूंच्या बारीक फटींतून जाते तेव्हा घासली जाते, आणि त्या घासण्यात आवाजाची शक्ती किंचितशी ऊब होऊन संपते. भिंतीला अगदी चिकटून हवा हलूच शकत नाही, म्हणून भिंतीला चिकटवलेलं कापड फारसं काम करत नाही. भिंतीपासून वीतभर पुढे टांगलं आणि चुण्या घातल्या की तेच कापड कामाला लागतं. पातळ मखमल भिंतीला सपाट लावली तर मधल्या पट्टीतला आवाज शेकडा अकराच गिळते. थोडी जाड, चौरस मीटरला पावणेपाचशे ग्रॅम वजनाची मखमल दुप्पट रुंदीची घेऊन चुण्या घालून सोडली तर जवळपास निम्मा. आणि काकांच्या खड्ड्याजवळच्या वरच्या पट्टीत त्याहूनही जास्त. ढोलाचा धडधडाट मात्र त्यातूनही निघून जातो, तो अडवायला कापड पुरत नाही.

पडदा घ्यायला मी काकांना बरोबर नेलं. खरं तर त्यांना बरं वाटावं म्हणून नेलं होतं, पण दुकानात गेल्यावर माझी जागा मला कळली. दुकानदार रंग दाखवत होता. काकांनी कापड उलटं केलं, काठ नखाने मोकळा केला, दोन धागे ओढून जिभेवर ओले केले आणि पिळून बघितले. मग अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून चोळलं. "ताणा बरा आहे, बाणा ढिला ठेवलाय. दोन धुण्यांत लोंबेल." चौथा तागा त्यांना पटला. जाड सुती, तपकिरीकडे झुकणारा विटकरी, ज्याच्या पोताला हात लावला की सतरंजी आठवते. त्यांनी तो खांद्यावर टाकून वजन बघितलं. गिरणी बंद पडून चाळीस वर्षं झाली होती आणि मी पहिल्यांदाच त्यांना त्यांच्या कामावर बघत होते. समई-निरांजन हॉलमध्ये लागणार म्हणून कापडाला आग न पकडणारी प्रक्रिया करून घेतली, आणि छताला दोन रूळ बसवले. एक काचेच्या बाजूने, भिंतीपासून पाच इंच सोडून, कोपऱ्यात वळून मागच्या भिंतीवर जाणारा. दुसरा हॉलच्या बरोबर मधोमध, आडवा.

मधला रूळ हा माझा हट्ट होता. कारण तुम्हाला ठाऊक आहे.

त्या दिवसांत वाचताना मला आणखी एक विणकर भेटली, आनी आल्बर्स. जर्मनीतल्या बाउहाउस या कला-शाळेच्या विणकाम विभागातली. 1930 साली तिला पदविका मिळाली ती बर्लिनजवळ बर्नाऊ इथल्या एका शाळेच्या सभागृहासाठी विणलेल्या कापडावर. एका बाजूला सेलोफेन, उजेड परतवणारं. दुसऱ्या बाजूला मऊ, लवदार सूत, आवाज गिळणारं. बर्नाऊची ती शाळा कामगार संघटनांची होती. कामगारांनी तिथे येऊन राहायचं, शिकायचं, चर्चा करायच्या, आणि त्यांना एकमेकांचं बोलणं नीट समजावं म्हणून एक विणकर बाई मागावर बसून विचार करत होती की कोणता धागा कुठे घालू. हे वाचून मी पुस्तक मिटलं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते, त्यांतले एक आमचे काका. त्या काळातल्या गेट मीटिंगांबद्दल ते अजून बोलतात. कर्ण्यातून संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत काय म्हणाले ते त्यांना शब्दशः आठवतं. उघड्यावरची सभा, वर आकाश, म्हणजे सबाइनच्या मापाने सगळीकडे खिडकीच खिडकी. तिथे आलेला शब्द पुन्हा परत येत नाही. अर्ध्या कानांनीही तो पुरता ऐकलेला असतो.

पडदे लागून आता वर्ष होत आलं. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. मधला पडदा ओढून एका बाजूला मुलांची अभ्यासिका आणि दुसऱ्या बाजूला बायकांचं भजन, हे माझं स्वप्न पहिल्याच आठवड्यात मोडलं. टाळ पडद्यातून सरळ पलीकडे गेले. पडदा घुमणं गिळतो, पलीकडचा आवाज अडवत नाही, आणि ही गोष्ट नऊ माणसांच्या खोलीत वाढलेल्या मला आधीच माहीत असायला हवी होती. अडवायला वजन लागतं, विटा लागतात, आणि विटा रोज सकाळी कोपऱ्यात बांधून ठेवता येत नाहीत. तेव्हा भजन मंगळवारी आणि शुक्रवारी, अभ्यास बाकीच्या दिवशी. पण कॅरमवाले आणि अभ्यासवाले एकत्र नांदतात, कारण पडदा ओढलेला असला की पोरं आपोआप हळू बोलतात. हे कुठल्याही सूत्रात बसत नाही. पलीकडे कुणीतरी आहे, असं तो पडदा न बोलता सांगत राहतो. आमच्या आजीच्या लुगड्याने दुसरं काय केलं होतं?

आणि आरती. गणपतीत पहिल्या संध्याकाळी पडदे लागलेल्या हॉलमध्ये आरती सुरू झाली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. दीडशे माणसं गात होती तरी वाटत होतं जो तो आपल्यापुरता गातोय. आवाज तोंडातून निघून पायाशी पडत होता. तिसऱ्या कडव्याला काकाच उठले, काचेच्या बाजूचा पडदा हाताने ढकलत कोपऱ्यापर्यंत नेला आणि मागचाही गोळा केला. कड्यांचा तो 'खर्रर्र' आवाज. काच उघडी पडली आणि आरती वर उठली, छताला लागली, एकाच्या आवाजात दुसऱ्याचा मिसळला, झांजा झळझळायला लागल्या. मला वाटलं, आता यांना काहीच समजत नसेल. पण काका डोळे मिटून, मान हलवत, बिनचूक तालावर टाळ्या देत होते. आरतीचे शब्द त्यांना समजून घ्यायचे नव्हतेच. ते त्यांच्याकडे आधीपासून होते. त्यांना घुमणं हवं होतं, आणि मी वर्षभर ज्याच्या मागे हात धुऊन लागले होते ते हेच घुमणं. तेव्हापासून ठरलंय. सभेला पडदे ओढायचे, आरतीला बांधायचे. ओढायचं आणि बांधायचं काम काकांकडे आहे. ते कुणाला हात लावू देत नाहीत.

दर तीन महिन्यांनी पडद्यांची धूळ झटकावी लागते, खालची बाजू पोरांच्या हातांनी काळी झाली आहे, आणि पावसाळ्यात दोन आठवडे हॉलला दमट वास येतो. ज्यांची गोधडी त्या रविवारी टांगली होती त्या पाचव्या मजल्यावरच्या आजी मार्चमध्ये गेल्या. त्यांच्या सुनेने ती गोधडी हॉलमध्ये आणून ठेवली आहे, अभ्यासिकेच्या बाजूला, खाली बसणाऱ्या मुलांसाठी.

परवा पुन्हा सभा झाली, लिफ्टच्या दुरुस्तीची. पडदे ओढलेले होते, काका तिसऱ्या रांगेत. सेक्रेटरी आकडे वाचत होते आणि मध्येच काकांनी हात वर केला. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसं ते जरा जास्तच मोठ्याने बोलले, पण कापडाने त्यातला जास्तीचा आवाज काढून घेतला. "गेल्या वर्षी रंगाचे सात हजार घेतलेत घरटी," ते म्हणाले, "त्यातले उरले किती, ते आधी सांगा."

सेक्रेटरींनी चष्मा वर केला आणि फाईल उघडली. पानं उलटल्याचा आवाज मला शेवटच्या रांगेत ऐकू येत होता.